मशीन चालूच होतं

“नोंद तुमच्याच नावावर आहे, वहिनी,” लखनभाऊजी म्हणाले आणि त्यांनी स्क्रीन माझ्याकडं फिरवला. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, रागाला उत्तर देता येतं. भाऊजी माझे धाकटे दीर. त्यांचा आवाज दुसऱ्याच्या तब्येतीचा रिपोर्ट वाचून दाखवणाऱ्या माणसासारखा होता, वाईट वाटतंय पण माझा काही इलाज नाही, असा. स्क्रीनवर एकच ओळ होती. पिवळा झेंडू, दसऱ्याचा लॉट, बुकिंग गिरणाऱ्याच्या अक्काबाईंचं. ते नाव काढून तिथं चांदोरीचे बारकूशेठ आले होते. आणि ओळीच्या टोकाला, जिथं बदल कुणी केला ते मशीन न विचारता लिहून ठेवतं, तिथं मी. ज्योत्स्ना. आपलं नाव छापील अक्षरांत दिसलं की माणसाला आधी बरंच वाटतं, अगदी समन्सवर असलं तरी. मला क्षणभर तसं वाटलं, हे खरं आहे. मग ती ओळ मी पुन्हा वाचली.

ऑफिसात आम्ही चौघं होतो. सासूबाई दाराजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीत सुपात मेथी निवडत बसलेल्या. आमचे हे, म्हणजे माझे मिस्टर, कॅलेंडरखालच्या बाकावर, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून. आणि बाहेर, रिकाम्या ट्रेंच्या चळतीवर, स्वतः अक्काबाई. सकाळी त्या पिकअप घेऊन आल्या होत्या. आमची रोपवाटिका मखमलाबादला, टोमॅटो, ढोबळी मिरची, कोबी, झेंडू अशी रोपं आम्ही ट्रेमध्ये वाढवून देतो. शेतकरी आधी बुकिंग करतो, रोप तयार व्हायच्या दिवशी त्याचं रान तयार असतं, आणि त्या दिवशी रोप मिळालं नाही तर सगळं गणित फिसकटतं. झेंडूचं तर विचारूच नका. दसऱ्याला फुलला तर सोनं, दसऱ्यानंतर फुलला तर बांधावर ओतायचा. अक्काबाई दरवर्षी माझ्याकडंच बुकिंग करतात. “कंपुटरात लिवा नायतर भिंतीवर लिवा,” असं त्या म्हणतात, “मला तुमचा शब्द पुरं.” आज सकाळी मी त्यांना शेडमध्ये घेऊन गेले तेव्हा त्यांच्या लॉटची जागा मोकळी होती, नुसती ओली जमीन आणि ट्रेंच्या चौकोनी खुणा. खाली वाकून त्यांनी त्या ओल्या जमिनीला हात लावून पाहिला, जणू रोपं असतील पण आपल्याला दिसत नसतील. मग म्हणाल्या, “तुमच्या शब्दावर मल्चिंगचा कागद अंथरला ताई. ठिबक केलं. पोराला कामावर सुट्टी टाकाया लावली.” मग पिकअप रिकामा परत पाठवला आणि स्वतः बसून राहिल्या. रोपं कुणी नेली ते कळल्याशिवाय त्या जाणार नव्हत्या.

आणि आता ते कळलं होतं. मशीननं सांगितलं होतं. मशीन मी आणलं होतं. यातली गंमत मला दिसत होती, पण हसू येत नव्हतं.

या घरात चूक कुणाची नसते. लग्न होऊन आले तेव्हापासून मी हे बघत आले आहे. इथं दूध उतू जात नाही कुणाच्या हातून, ते आपलं जातं. मोटार जळाली, जळाली. ट्रे चुकीच्या गाडीत गेले, गेले. “झालं,” असं म्हणायचं आणि पुढं चालायचं. सासरे होते तोवर ऑफिसात एकच कॉम्प्युटर होता आणि तो चालू केला की त्यावर एकच नाव यायचं, अण्णा. सासऱ्यांना सगळे अण्णा म्हणत. त्यांनी जन्मात कधी त्या मशीनला बोट लावलं नाही, पण बुकिंग अण्णा घ्यायचे, गाडी अण्णा पाठवायचे, बिलं अण्णा करायचे. पासवर्ड सगळ्यांना ठाऊक होता, आमच्या पहिल्या मळ्याचं नाव, शेडमधल्या बायका तो येताजाता बोलायच्या. अण्णा गेल्यावर कुणीतरी म्हटलं, आता नाव बदलायला हवं. सासूबाईंनी नुसतं वर पाहिलं. नाव राहिलं. दिवस घातलेला माणूस रोज टोमॅटोची रोपं विकत राहिला. बाहेरच्याला हे गमतीचं वाटेल. मला सुरुवातीला फार छान वाटलं होतं, कुणी कुणाकडं बोट दाखवत नाही असं घर. हळूहळू लक्षात आलं की बोट दाखवत नाहीत, पण चूक कुठंतरी जाऊन बसतेच. ती हवेत राहत नाही. ती जाऊन बसते त्या माणसावर, जो सगळ्यात जास्त वेळ मशीनपुढं असतो, आणि जो या घरात जन्मलेला नसतो. कुणी म्हणत नाही. जेवताना वाटी जरा जोरात ठेवली जाते, एवढंच. वाटी आपटली की मला कळायचं की आज कुठलातरी लॉट चुकलाय.

माझं माहेर नाशिक रोडचं. बाबा नोटांच्या प्रेसमध्ये होते, क्वार्टर्समध्ये आम्ही वाढलो. तिथं सगळ्यावर नाव असायचं. बाबांच्या डब्यावर नाव, छत्रीवर नाव, सायकलच्या मडगार्डवर नाव. ते म्हणायचे, आपण आपल्या वस्तूवर नाव टाकलं नाही तर दुसरा टाकतो. माझ्या लग्नात आईनं दिलेल्या प्रत्येक भांड्यावर तिनं भांडीवाल्याकडून माझं नाव कोरून घेतलं होतं, बारीक टाचणीनं टोचल्यासारखी अक्षरं, तारीख आणि ज्योत्स्ना. त्यातलं एकही पातेलं आज मला स्वयंपाकघरात चटकन सापडणार नाही. चोरीला गेली नाहीत. मिसळली. शेडवरच्या बायकांच्या चहाला गेली, कुणाच्या बारशाला गेली, गुरांच्या पेंडीला गेली. एकदा मी सासूबाईंना नाव दाखवून एक कळशी बाजूला ठेवली, तर त्या अगदी प्रेमानं म्हणाल्या, “आसू दे ना. घरातच हाय ना.” घरातच आहे, याच्यावर उत्तर नाही. मी पुष्कळ शोधलं.

म्हणून नेटवर्क मी मागितलं. धंदा वाढला होता हे कारण होतंच, आणि ते खोटं नव्हतं. तीन पॉलिहाऊस झाले, गेटवर गाड्यांची रांग लागायला लागली, वर भाऊजींची केबिन झाली, आणि सगळे एका कॉम्प्युटरभोवती लग्नघरातल्या नळावर व्हावेत तसे गोळा व्हायचे. गेटवरून ओरडून विचारायचं, केबिनमधून ओरडून सांगायचं, मधल्या मध्ये ढोबळीचं कोबी व्हायचं. मी म्हटलं, प्रत्येक ठिकाणी एक मशीन बसवू, सगळी आतून एकमेकांना जोडू, आणि प्रत्येकाला आपापलं नाव देऊ. शेवटचं वाक्य मी मुद्दाम हळू म्हटलं होतं. लक्षात कुणाच्याच आलं नाही.

मग सार्थक आला. नेटवर्किंगचं काम करणारा, माझ्याच माहेरच्या भागातला, पाठीवर सॅक, कानात सतत कुणीतरी दुसरं गिऱ्हाईक. “निघालोच ताई” म्हणायचा तेव्हा तो सिडकोत असायचा आणि “पोचलोच” म्हणायचा तेव्हा निघालेला असायचा. त्यानं निळ्या तारांची भेंडोळी आणली. मला वाटलं होतं तारा टाकल्या की झालं. पण आमच्याकडं तारेचं आणि माणसांचं वैर असावं. पहिल्या पॉलिहाऊसमध्ये दुपारी फॉगर सुरू झाले, त्या धुक्यानं तारा जोडायचा डबा, ज्याला तो स्विच म्हणायचा, आतून ओला झाला आणि गेला. दुसरा उंच टांगला तर तिथं चिमण्यांनी काड्या भरल्या. शेडवरच्या रावजीनं तण काढता काढता जमिनीतली तार खुरप्यानं तोडली आणि “मुळी होती वाटतं” म्हणून गाठ मारून ठेवली. उंदरांनी रात्रीत एक अख्खा वळसा खाल्ला. घरापासून ऑफिसपर्यंत अंगणावरून तार ताणली, तर दुसऱ्या दिवशी तिच्यावर सासूबाईंचं लुगडं वाळत होतं. सार्थक खाली उभा राहून त्या लुगड्याकडं बघत होता, आणि मी त्याच्या चेहऱ्याकडं. “आई, ती दोरी नाही,” मी म्हटलं. “मंग काय हाय?” “त्यातून माहिती जाते.” “लुगडं वलं हाय, माहिती नाय भिजनार.” सार्थक हसला. मला रडू येत होतं. मला वाटत होतं की माझ्या आयुष्यात मी जे काही ताणून सरळ बांधीन, त्याच्यावर हे घर काहीतरी वाळत घालणारच. रोज सकाळी उठून मी आधी राउटरचे दिवे बघायची. हिरवे असले की दिवस बरा. लाल असला की त्याला फोन, “निघालोच ताई.” असं करत करत, पावसाळा तोंडावर आला तेव्हा, एकदाचं सगळं जोडलं गेलं. गेटवर टाइप केलेलं केबिनमध्ये दिसलं. मी एकटीच टाळी वाजवणार होते, पण हात पदराला पुसले.

मग सार्थकनं विचारलं, “ताई, युजरची नावं?” सगळे याच ऑफिसात होते. मी कागदावर सगळ्यांची नावं लिहून दिली, आणि तो एकेक टाकत गेला, प्रत्येकाला वेगळं. सासूबाईंनी सूप खाली ठेवलं. “काय करून राहिले रे हे? याचं येगळं, त्याचं येगळं. वाटनी करता का?” वाटणी हा शब्द आमच्या घरात कुणी उच्चारत नाही, तो त्यांनी स्वतःच उच्चारला होता. भाऊजी म्हणाले, “नाही गं आई, हे नुसतं हजेरीसारखं.” आमचे हे हसले, मोठ्यानं, आणि म्हणाले, “आई, आम्ही पासवर्ड सगळे एकच ठेवतो, मग तर झालं?” सासूबाईंचं समाधान झालं. सार्थक म्हणाला, असं करू नका, बदल कुणी केला ते मशीन नावानिशी लिहून ठेवतं, मग वेगळ्या नावांना अर्थच राहत नाही. त्याच्याकडं सगळ्यांनी असं पाहिलं, जसं पाहुण्यानं घरच्या भांडणात बोलल्यावर पाहतात. सगळ्यांचा पासवर्ड एकच ठेवला गेला. पहिल्या मळ्याचं नाव.

निघताना तो मला गेटपाशी बाजूला घेऊन म्हणाला, “ताई, निदान एक करा. उठताना लॉगआऊट करा.” म्हणजे खुर्चीतून उठताना आपलं नाव बंद करून उठायचं. किती साधी गोष्ट. मी पहिल्या दिवशी केली. जेवून परत आले तर हे मशीनपुढं उभे, समोर ओझरचे दोन शेतकरी, आणि स्क्रीनवर कुलूप. ते मला काही रागावले नाहीत. शेतकऱ्यांकडं बघून हसत म्हणाले, “घरात कुलूप लावायला लागल्या आता.” शेतकरीही हसले. मी घाईनं पासवर्ड टाकला, बोटं घसरली, तो दोनदा चुकला. कपाटाला कुलूप लावून किल्ली कमरेला खोचणाऱ्या सुना मी पाहिल्या होत्या आणि मला त्या कधी आवडल्या नव्हत्या. त्या दिवसानंतर मी लॉगआऊट करायचं सोडून दिलं. सकाळी सगळ्यात आधी मी येते, माझं मशीन सुरू होतं, ते संध्याकाळपर्यंत सुरूच असतं. बाकीच्यांना आपापलं उघडायचा कंटाळा. पासवर्ड टाका, थांबा, गोल फिरतंय ते बघत बसा. त्यापेक्षा इकडं यायचं. “वहिनींचं चालूच आहे.” “ताईंचं चालूच हाय.” गेटवरचा माणूस आत येऊन माझ्या मशीनवर गाडी नोंदवायचा. भाऊजी वरून उतरून माझ्या मशीनवर बिल काढायचे. एवढ्या तारा, एवढे डबे, एवढी भांडणं, आणि शेवटी सगळे पुन्हा एका मशीनभोवती. फरक इतकाच होता की आता त्या मशीनवर अण्णा नव्हते. मी होते. मला हे दिसत नव्हतं असं नाही. रोज दिसत होतं, रोज चिडचिड होत होती, आणि रोज मी उठून बाजूला होऊन खुर्ची देत होते.

कारण माझं लक्ष पिंपळगावकडं होतं. तिथं बाजार समितीच्या रस्त्याला आम्ही गाळा घेतलाय, बुकिंगचं दुसरं ऑफिस. ते मी बघायचं, असं जवळजवळ ठरलं होतं. जवळजवळ म्हणजे कुणी नाही म्हटलं नव्हतं. सार्थकला घेऊन मी जाऊन आले, तार कुठून घ्यायची, टेबल कुठं ठेवायचं ते भिंतीवर खडूनं आखून आले. टेबल रस्त्याकडं तोंड करून. तिथं बसून इथलं सगळं दिसणार होतं, कुठला लॉट तयार, कुठली गाडी सुटली, आणि तरी इथं कुणी माझ्या खुर्चीत येऊन बसू शकणार नव्हतं, कारण खुर्ची पिंपळगावला. तिथं माझं नाव म्हणजे मीच असणार होते. हे मी कुणाला बोलले नाही. त्या रिकाम्या गाळ्यात उभं राहिल्यावर माझा आवाज घुमला होता, आणि मी उगाचच “हॅलो, बोला” असं म्हणून पाहिलं होतं. सार्थकला वाटलं मी फोनवर आहे.

“वहिनी, गडबडीत झालं असेल,” भाऊजी आता म्हणत होते. “एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर. होतं असं.” ते मला सोडवत होते. मी स्क्रीनवरच्या तारखेकडं बघत होते. मागच्या आठवड्यातली, दुपार. आणि मला ती दुपार आठवली. मी जेवून परत आले तेव्हा खुर्ची मागं सरकवलेली होती आणि स्क्रीनवरची अक्षरं मोठी झाली होती, इतकी मोठी की अर्धीच ओळ मावत होती. आमच्या घरात एकाच माणसाला अक्षरं मोठी लागतात. यांना जवळचं दिसत नाही. चष्मा केलाय, तो कपाटात आहे, म्हाताऱ्यासारखं वाटतं म्हणून लावत नाहीत. मशीनपुढं बसले की आधी अक्षरं फुगवतात, आणि उठताना तशीच सोडून जातात. मी त्या दिवशी ती पुन्हा बारीक केली होती, जशी रोज करते, काही विचार न करता, उष्टं ताट उचलावं तशी. मी मान वळवून बाकाकडं पाहिलं. हे कॅलेंडरखाली बसले होते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, आणि मग भिंतीवरच्या पालीकडं पाहिलं. बारकूशेठ म्हणजे यांचे लहानपणचे मित्र. एकत्र पोहायला शिकलेले. हेही मला त्याच क्षणी आठवलं, आठवलं नसतं तर बरं.

मी थांबले. मुद्दाम थांबले. मला बोलता येत होतं. “माझ्या मशीनवर कुणीही बसतं,” एवढं तरी. पण मी यांना वेळ देत होते. मला वाटलं, आता खोकतील. आता म्हणतील, अरे लखन, ते मीच. त्यात काय होतं? भावासमोर एक वाक्य. भाऊजी काही त्यांना फाशी देणार नव्हते. सासूबाई मेथीच्या काड्या मोडत होत्या, टक, टक. पंखा फिरत होता. मला यांच्या प्रत्येक श्वासाची लय पाठ आहे. बोलायच्या आधी हे नाकानं जरा जोरात श्वास घेतात. मी त्या श्वासाची वाट बघत राहिले, आणि तो आला, मी मान वर केली, आणि हे म्हणाले, “पुढच्या लॉटचं देऊन टाकू त्या बाईला. कशाला एवढं ताणायचं?” मला राग आला असं म्हणणंही खोटं होईल, रागाला जागा लागते, आणि आत सगळीकडं आश्चर्यच भरलं होतं. एवढ्या वर्षांनी आश्चर्य वाटावं याचंच पुन्हा आश्चर्य.

“मशीन काय खोटं बोलत नाय,” सासूबाई म्हणाल्या. लुगडं वाळत घालणाऱ्या सासूबाई. त्यांचा आता त्या तारेवर पूर्ण विश्वास बसला होता.

भाऊजी उठले. स्क्रीन पुन्हा सरळ केला, टेबलावरची धूळ हातानं झटकली. “मग पिंपळगावचं मीच बघतो,” ते अगदी सहज म्हणाले, जणू हे त्या आधीच्या बोलण्याचंच शेपूट होतं. “नवीन जागा, नवीन गिऱ्हाईक, तिथं अशी गडबड झाली तर नाव जाईल. वहिनी इथंच बऱ्या. इथं आपण सगळे आहोत सांभाळून घ्यायला.” आणि किल्ल्या घेऊन गेले. मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज आला. मागोमाग सासूबाई सूप घेऊन अंगणात गेल्या. खडूनं आखलेलं ते टेबल भाऊजी पुसतील का तसंच वापरतील, असा एक मूर्ख विचार माझ्या डोक्यात आला आणि तिथंच फिरत राहिला.

आम्ही दोघंच उरलो. हे बाकावरून उठून माझ्याजवळ आले, आवाज खाली आणून म्हणाले, “बारकू दारात आला होता गं. गाडी घेऊन. त्याच्या रोपांना मर लागली होती. त्याला नाही कसं म्हणायचं?”

“माझ्या मशीनवर?”

“चालूच होतं की. मला काय माहीत ते असं नाव लिहून ठेवतं.”

“सार्थकनं सांगितलं होतं. तुमच्यासमोर.”

“सांगितलं असेल. माझ्या नाही लक्षात राहिलं. तुला सांगणार होतो मी, राहून गेलं.” हे खरं होतं. यांचं राहून जातं. हे वाईट माणूस नाहीत, हेच तर अवघड आहे. वाईट असते तर मी केव्हाच काहीतरी केलं असतं.

“आत्ता भाऊजींसमोर का नाही बोललात?”

“बोलून काय झालं असतं? तो म्हणाला असता, दादा मित्रांना रोपं वाटतो. मग तेच धरून बसला असता. दोघा भावांत उगाच कशाला? तुला कोण काय म्हणणार आहे? कुणी काही बोललं का तुला?”

“पिंपळगाव गेलं माझं.”

हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं, ते मला त्यांच्या तोंडावर दिसलं. मग त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, हलकाच, आणि समजावणीच्या सुरात म्हणाले, “अगं, आपल्यात काय वेगळं आहे का? तुझं नाव काय नि माझं नाव काय. एकच आहे.”

“मग तुमचं सांगा,” मी म्हटलं. “एकच आहे तर तुमचं सांगा ना सगळ्यांना.”

त्यांचा हात खांद्यावरून निघाला. ते दाराकडं बघत म्हणाले, “अक्काबाई सकाळपासून बसल्यात. चहा सांगतो त्यांना.” आणि खिशातून फोन काढला.

मी बाहेर आले. ऊन आणि भुरभुर एकदमच चाललं होतं, श्रावणात असतं तसं. तारेवर काही वाळत नव्हतं. अक्काबाई ट्रेंच्या चळतीवर तशाच बसल्या होत्या, पाय सरळ सोडून, चपला बाजूला. पायरीवर सासूबाई. मला पाहून अक्काबाईंनी विचारलं, “काय निघालं ताई, त्या कंपुटरात? कुनी दिली माझी रोपं?”

“आगं झालं आसंल काहीतरी,” सासूबाईच बोलल्या. “धंदा म्हनल्यावर व्हतंच. पुढच्या लॉटचं देऊ तुला, पयल्यांदा तुला.”

“पुढच्याचं घिऊन काय करू? दसरा काय थांबनार हाय का? मी ताईला इचारते.”

त्या माझ्याकडं बघत होत्या. रागानं नाही. त्यांना खात्री होती की मी सांगेन, जसं रोप मिळेल याची खात्री होती. मला वाटलं आता म्हणून टाकावं, माझ्याकडून चुकलं. मशीनवर तसंच होतं, घरातही आता तसंच होतं, एक अक्काबाईच तेवढ्या राहिल्या होत्या. तोंडापर्यंत आलंही. “यांच्या हातून” असंही म्हणता आलं असतं, त्यात कोण ते सांगून न सांगितल्यासारखं होतं. नवऱ्याचं नाव मी या अंगणात एकदाच घेतलंय, लग्नाच्या पंक्तीत, उखाण्यात, आणि तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. त्यानंतर हे, अहो, बँकेत मिस्टर. सार्थकलासुद्धा मी ते कागदावर लिहून दिलं होतं.

“खंडेरावांनी दिली,” मी म्हटलं. माझा आवाज मला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. “खंडेरावांनी दिली तुमची रोपं, अक्काबाई. त्यांच्या मित्राला. मी जेवायला गेले होते.”

सासूबाईंनी सूप खाली ठेवलं. शेडमधून रावजी बाहेर येऊन उभा राहिला होता, तो पुन्हा आत गेला. अक्काबाईंनी एकदा माझ्याकडं पाहिलं, मग पायात चपला सरकवल्या, उठल्या, आणि ऑफिसकडं चालायला लागल्या. दारात खंडेराव उभे होते, फोन कानाला लावून, चहा सांगत.